शिंदीचा गाभा

दस्तगीर मलायातून परतला तेव्हा गावाने त्याला मेलेलाच धरला होता. जपान्यांच्या कैदेत साडेतीन वर्षं काढून शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात तो आटपाडीजवळच्या आपल्या घरी आला. महिनाभर दारात माणसं बसत. मलायाच्या रानातल्या काटेरी माडांचे शेंडे फोडून, आतला पांढरा गाभा खाऊन कैदी कसे तगले, हे तो रंगवून सांगायचा. बायको अकिला आतून ऐकायची. तो नसताना तिने दिवस कसे काढले, हे मात्र त्याने विचारलं नाही. ती हातीपायी धड दिसत होती, तेवढं त्याला पुरलं.

एकदा ती विणलेल्या चटया घेऊन बाजारला गेली असताना त्याचा पलटणीतला सोबती नानासो वडूजहून भेटायला आला. घरात रेशनची ज्वारी तेवढी होती. पाहुण्याला काहीतरी वेगळं वाढावं म्हणून दस्तगीर कुऱ्हाड घेऊन ओढ्यावर गेला. तिथं बुटक्या शिंदीचं बेट होतं. एका मुळातून उठलेली सात खोडं, फळांनी लगडलेली. एका शेंड्यात मूठभरच गाभा निघाला. मग दुसरं तोडलं, तिसरं तोडलं, आणि करता करता सातही खोडांची डोकी उडाली. तिखटमीठ घालून त्याने कालवण केलं. मलायातल्यापेक्षा हे गोड, असं म्हणत नानासो पोटभर जेवला आणि गेला.

संध्याकाळी अकिला ओढ्याच्या वाटेनेच आली. उरलेलं कालवण ताटात घेऊन ती जेवली. चव कशी आहे, असं त्याने हौसेने विचारलं.

"चांगली हाय," ती म्हणाली. मग ताट बाजूला सारत, "मी भायेरची पानं काढत हुते. मधल्या कोंबाला कवा हात लावला न्हाई, त्यो गेला की खोड मरतंय. चार वर्सं त्याच्यावर निघाली."

दस्तगीर म्हणाला, "मुळातनं फुटवं येतील की गं."

"येतील. चटया इणाय जोगी पानं व्हायला तीन वर्सं जात्याल."

पुढच्या आठवड्यात ती सडकेवर खडी फोडायला जाऊ लागली. तोही गेला, पण मलायातला हिवताप अंगात होता; चार दिवस काम केलं की आठ दिवस अंथरूण. घरी असला की तो फुटव्यांना पाणी घालायचा. शेजारच्या शालूबाईने त्याला सांगितलं, की तो बेपत्ता झाल्याचा कागद आला तेव्हा अकिला दोन दिवस ओढ्यावर बसून होती. तिसऱ्या दिवशी तिने पानं काढायला विळा मागून नेला.

त्या रात्री त्याने तिला त्या दिवसांचं विचारलं.

"आता काय त्याचं," म्हणून ती कुशीवर वळली.

एकोणपन्नासला पानं लांब झाली. त्याने बाहेरची तेवढी काढली, वाळवली, चिरून तिच्यापुढे ठेवली. खडीच्या हातोड्याने तिची बोटं आखडली होती. चार बोटं रुंदीची पट्टी विणून ती थांबली आणि चटई त्याच्याकडे सरकवली. तो शिकला. त्याच्या चटया वाकड्या होत, तरी खपत. चूक दिसली की ती बोटाने दाखवायची आणि तो उसवायचा. इतकंच बोलणं व्हायचं दोघांत. तिच्या चार वर्षांबद्दल शालूबाईने सांगितलं त्यापलीकडे त्याला कधी काही कळलं नाही.