एकच कुलूप

आमच्या साबणाच्या कारखान्यात एक नियम आहे, आणि तो नियम नव्या लोकांना शिकवायचं काम गेली अठरा वर्षं माझ्याकडे आहे. मिक्सरच्या पोटात उतरायचं असेल तर आधी खालचा विजेचा मोठा खटका पाडायचा आणि त्यात आपलं स्वतःचं कुलूप अडकवायचं. किल्ली गळ्यात. दोघं उतरणार असतील तर दोन कुलपं, चौघं तर चार. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मग साहेबाचा बाप का येईना! एक जरी कुलूप लटकत असेल तरी आतली पाती फिरत नाहीत. साधी गोष्ट आहे. शिकवताना मी असा काही आव आणतो की जणू तो नियम मीच जन्माला घातला.

त्या मंगळवारी दुपारी खटक्यावर एकच कुलूप होतं. माझं नव्हतं. पाद्र्याचं होतं.

हा काही खराखुरा पाद्री नव्हे. आमच्या पाळीत मिक्सर खरवडणारा कामगार, आणि माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. नाव मीच ठेवलेलं. पूर्वी हा गडी प्यायचा. म्हणजे किती, तर त्याला शुद्धीत पाहिलं की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. एका संध्याकाळी जेवणावरून काहीतरी बिनसलं आणि त्याने धाकटीचा डावा हात पिरगाळून मोडला. मी तिला आणि भाचीला माझ्या घरी आणलं. याला व्यसनमुक्ती केंद्रात टाकलं. तिथे रोग्यांच्या दाढ्या करायला एक म्हातारा न्हावी यायचा, तो ख्रिस्ती. त्या न्हाव्याने याच्या गालाबरोबर डोक्यावरूनही काय वस्तरा फिरवला कुणास ठाऊक, सहा महिन्यांनी हा बाहेर आला तो येशूचं नाव घेतच. बाप्तिस्मा घेतला, दारू सोडली, आणि नोकरी कुठे मिळाली, तर आमच्याच कारखान्यात. माझ्याच पाळीत! माझा नुसता संताप संताप झाला.

दोन वर्षं झाली त्याला. आणि आता धाकटीचं मन हलायला लागलं होतं.

"दादा, तो बदललाय रे," ती म्हणायची.

"बाटली बदललीये," मी म्हणायचो. "आधी दारूची होती, आता देवाची आहे. बूच उडालं की तोच माणूस बाहेर येईल. मला पटेपर्यंत तू त्या घरात पाय ठेवायचा नाहीस."

तिने कधी उलट उत्तर दिलं नाही. ती माझ्या घरात राहत होती ना.

मला पटणार कसं? एकदा जेवणाच्या सुट्टीत दहाजणांसमोर मी त्याला धरलाच. म्हटलं, "पाद्रीबुवा, सिद्ध करा तुमचा देव. आज होऊनच जाऊ दे."

त्याने डबा बंद केला. म्हणाला, "दादा, मला वाद घालता येत नाही. पण मी कसा होतो हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? किती शपथा घेतल्या मी, मुलीची घेतली, आईची घेतली. एकही आठवडाभर टिकली नाही. मला सुटायचं होतं आणि सुटता येत नव्हतं. मी हात टेकले तेव्हा येशूने मला धरलं. मी असं म्हणतो. तुम्हाला पटत नसेल तर मला कुणी बाहेर काढलं ते तुम्ही सांगा."

"केंद्रातल्या शिपायाने," मी म्हटलं. सगळे हसले. तोही हसला. पूर्वीचा असता तर डबा माझ्या कपाळावर बसला असता, हे मला कळत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता. हसतो काय मेला!

तर तो मंगळवार. पिवळा साबण संपवून पांढरा लावायचा होता. असा रंग बदलताना मिक्सर आतून खरवडून लख्ख करावा लागतो. पाद्र्याने खरवडला, बाहेर आला आणि खरवडणी धुवायला मोरीकडे गेला. आत पात्यांच्या दांड्याच्या बुडाशी तेल गळतंय की काय अशी मला सकाळपासून शंका होती. दोन मिनिटांचं काम. माझं कुलूप खिशात होतं. ते त्याच्या कुलपाशेजारी अडकवायचं माझ्या जिवावर आलं. खरं तेच सांगतो, त्या माणसाच्या शेजारी मला माझं काहीच नको होतं. म्हटलं, त्याचं आहे ना लटकत, बास. आणि शिडीवरून वर चढून झाकणातून आत उतरलो.

आत गेलो आणि तळाशी उरलेल्या ओल्या साबणावरून सटकलो. उजवा पाय घोट्यापर्यंत खालच्या पात्याच्या आणि भिंतीच्या फटीत गेला. ओढला तर आणखी रुतला. आधी मी शिव्या दिल्या, साबणाला, बुटाला, पात्याला. मग हाका मारल्या. पण शेजारचा मिक्सर गरगरत होता, बॉयलरची वाफ सुटलेली, माझा आवाज माझ्याच कानात परत येत होता. वर झाकणाएवढा गोल उजेड. चारी बाजूंनी पोलाद. घामाने सदरा अंगाला चिकटला. पात्यावर हात ठेवला तर ते थंडगार होतं आणि माझ्या मांडीएवढं रुंद होतं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खटक्यावर एकच कुलूप आहे. त्या कुलपाचा मालक बाहेर आहे. म्हणजे नियमाप्रमाणे, मी शिकवलेल्या नियमाप्रमाणे, आत कुणीही नाही.

माल काढायची नळी मिक्सरच्या तळाशी असते, तिचं तोंड खटक्याजवळच उघडतं. बाहेरचं बोलणं त्यातून आत येत होतं. बाहेरच्या घरघरीत आतलं काही कुणाला ऐकू जात नव्हतं. मी ओणवा होऊन नळीत ओरडून पाहिलं. काही उपयोग नाही.

"झालं ना खरवडून?" साहेबांचा आवाज. "काढ कुलूप. माल खोळंबलाय."

"झालं साहेब. एकदा वर जाऊन आत बघून येतो."

"काय बघतोस? तूच आत होतास, तूच बाहेर आलास. दुसरं कुलूप आहे का इथे? नाही. मग?"

"मधे मी मोरीकडे गेलो होतो, साहेब."

"अरे, नियम काय म्हणतो? रोज तुझं हेच. तुझ्या या बघण्यापायी दर पाळीला उशीर. तुझा स्वतःवर भरवसा नाही का?"

"नाही साहेब."

मला वाटलं, संपलं. आता हे दोघं भांडणार आणि माझा चुरा होणार.

"मग देवावर ठेव आणि काढ कुलूप!" साहेब म्हणाले. कुणीतरी खुसखुसलं. तिथे आणखी तिघं-चौघं उभे असणार.

"देवावरच ठेवलाय, साहेब. पण देव माझ्याऐवजी शिडी चढणार नाही."

"जास्त बोलू नकोस. आत्ता, या मिनिटाला काढलं नाहीस तर लिहून देतो आणि घरी बसवतो. दारुड्याला नोकरी दिली हीच माझी चूक."

मग कुणी बोलेना. ती शांतता मला चांगली ओळखीची होती. त्याच्या घरात ताट भिरकावलं जायच्या आधी अशीच शांतता असायची. आता हा भडकणार, कुलूप ओरबाडून काढणार, साहेबांच्या अंगावर फेकणार आणि घ्या तुमचा मिक्सर म्हणून चालता होणार. दोन वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होतो. बूच उडायची! आणि आता मी मिक्सरच्या पोटात होतो. मी देव मानत नाही, त्यामुळे देवाचा धावाही करता येईना. मी त्याचाच धावा केला. चढ रे बाबा, म्हटलं, चढ. एवढ्या वेळेपुरता तरी खरा निघ.

त्याचा आवाज आला तो खालच्या पट्टीतला होता.

"साहेब, माझा माझ्यावर फार भरवसा होता तेव्हा मी माझ्या बायकोचा हात मोडला. ती जिन्यावरून पडली असं इथे सगळ्यांना वाटतं. ती पडली नव्हती. मी मोडला. मी तेव्हा काहीच बघत नव्हतो, समोर कोण आहे, त्याला किती लागेल. ख्रिस्ताने मला क्षमा केली, तेव्हापासून मी बघून मगच हात हलवतो. तुम्ही लिहून द्या. मी वर जाऊन येतो."

जिन्याचं ते मीच सांगितलं होतं. दवाखान्यातल्या कागदावर मीच धाकटीला तसं लिहायला लावलं आणि कारखान्यात मीच पसरवलं. घराची अब्रू, म्हटलं. बहिणीला नवऱ्याने मारलं हे कळलं तर माझं नाक खाली होणार होतं. पोलादी पिंजऱ्यात मी, आणि बाहेर तो चारचौघांत माझं खोटं उघडं करत होता, आणि मला तोंड लपवायलाही जागा नव्हती.

शिडी वाजली. गोल उजेडात त्याचं डोकं आलं.

"दादा!"

मी रडत होतो. सांगायला लाज वाटते, पण हमसून हमसून रडत होतो.

"हलू नका," तो म्हणाला. आत उतरला, खरवडणीच्या धारेने बुटाची नाडी कापली, दोन्ही हातांनी घोटा धरून हळूहळू पाय सोडवला. बूट तिथेच राहिला. मी त्याचा सदरा घट्ट धरून ठेवला होता, तो त्याने सोडवला नाही.

"कुलूप?" त्याने विचारलं.

मी खिशातून काढून दाखवलं. आणि जीव परत आल्या आल्या पहिलं काय बोललो? "साहेबांना सांगू नकोस."

त्याने माझ्याकडे बघितलं. "झाकून काय होतं ते आपण दोघांनी एकदा पाहिलंय, दादा."

खालून साहेब ओरडले, "काय रे, कोण आहे वर?"

"दादा आहेत, साहेब. कुलूप न लावता उतरले होते. आणि झाकण उघडं टाकून मोरीकडे गेलो, ती माझी चूक."

जीव वाचवला आणि पाठोपाठ माझी अठरा वर्षांची ऐट मातीत घातली, अगदी एका दमात. मला आठ दिवस घरी बसवलं, त्याला तीन. फाटकातून बाहेर पडताना मी त्याला धड धन्यवादही दिले नाहीत. एक पाय अनवाणी, तसाच घरी आलो.

धाकटी इस्त्री करत होती. उजव्या हाताने करते, डावा अजून पुरता वळत नाही. माझा पाय बघून तिने इस्त्री उभी केली. खोटं बोलायची संधी होती. घसरलो म्हटलं असतं तरी चाललं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण मी सगळं सांगितलं. कुलपाचं, नळीचं, साहेबांचं. तो काय बोलला तेही.

"परत सांग," ती म्हणाली.

मी परत सांगितलं.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

ती खुर्चीवर बसली. "अडीच वर्षं या घरात मी लोकांना जिना सांगतेय. शेजारणीला, डॉक्टरला, माझ्या पोरीला. पोरीला सुद्धा, दादा. तिने बघितलं होतं सगळं. तरी ती मान हलवते. तू मला त्याच्यापासून सांभाळलंस, ते मी विसरणार नाही. पण माझ्या हाताचं खरं काय झालं ते आजपर्यंत चारचौघांत एकच माणूस बोलला, आणि तो ज्याने मोडला तोच."

मला तोंड वर करवेना. "माझं चुकलं," मी म्हटलं. हे शब्द मी तिला आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होतो. "मी हरलो, बाई. तो बदललाय. मला पटलंय. तू खुशाल जा."

मला वाटलं, ती आनंदाने उठेल. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी अजूनही काहीतरी विसरलोय.

"तुला पटलं," ती म्हणाली. "छान झालं. मला पटलंय का, हे तू कधी विचारलंयस? आधी जाऊ नको म्हणालास, आता जा म्हणतोस."

तिने फोन घेतला आणि माझ्यासमोरच त्याला लावला.

"दादाने सांगितलं मला," ती म्हणाली. "तुझ्या देवाने तुला क्षमा केली असेल. मी अजून केलेली नाही."

तिकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं, कारण खोलीत दुसरा आवाज नव्हता. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "ती तुझी आहे. मी मागणार नाही."

तिने डावा हात कसाबसा वर नेऊन डोळे पुसले.

"मग ये," ती म्हणाली. "आज ये. पोरीसमोर सांग, कारखान्यात सांगितलंस तसं. दादाही तिला सांगणार आहे."

तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. भाची शाळेतून यायला अर्धा तास होता. मी पाय धुतला, कपडे बदलले आणि दाराशी जाऊन तिची वाट बघत उभा राहिलो.