सुमेधाताईंचे जाळ्यांचे गणित आणि मी

मित्रांनो, बटण दाबल्यावर खोकत उठणारा, अंगाने पिवळा पडलेला मी एक जुना संगणक आहे. १९९८ साली एका कारागिराने माझे सुटे भाग जोडले आणि चंद्रहासने मला वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या घरी, आपल्या बायकोसाठी, म्हणजे सुमेधाताईंसाठी, आणले.

सुमेधाताई भौतिकशास्त्रज्ञ. बाळ तान्हे, त्यामुळे रोज मुंबईच्या संस्थेत जाणे त्यांना जमेना. वीज, टेलिफोन, माणसांच्या ओळखी, अशी मोठी जाळी कशी तुटतात हे त्यांना शोधायचे होते. त्या माझ्यात जाळे मांडत. मी एकेक गाठ काढून काय उरते ते पाही.

पण वीज सारखी जाई. मधला हिशेब साठवायला माझ्यात जागा नव्हती, म्हणून पुन्हा पहिल्यापासून! अशात परदेशी मासिकाने त्यांनी पाठवलेल्या लेखावर शंका काढली; ती फेडायला माझा हिशेब पुरा होणे भाग होते. महिनाअखेरीस उत्तर गेले नाही, तर लेख बाद.

"सोडून देते आता," ताई शेजारच्या फ्लॉसी आंटींना म्हणाल्या.

"सोडते कशाला, बाय? माणिकपूरला माझा भाऊ सॅन्टन लग्नाच्या मांडवाला जनरेटर देतो. तुझ्या मशीनला नाय देणार?"

गोधडीत गुंडाळून मी रिक्षाने माणिकपूरला गेलो. सॅन्टनने त्या आठवड्यातले एक लग्न दुसऱ्याकडे पाठवले. स्वतः डिझेल भरले आणि घरच्यांना बजावले, "याच्या वायरीला कोणी हात लावायचा नाय!"

अखेर माझा हिशेब पुरा झाला. लहान गाठी एकमेकींना धरून असतील, तर मोठी गाठ सुटूनही जाळे टिकते. ताईंनी आंटींना मिठीच मारली.

मासिकाला उत्तर वेळेत गेले आणि लेख छापून आला. शेवटी आभारात सॅन्टन आणि फ्लॉसी यांची नावे होती. सॅन्टनने ते पान चौकटीत घालून क्रुसाखाली लावले. त्याच लेखावर ताईंना विद्यापीठात नोकरी मिळाली.

पुढे नवे वेगवान संगणक आले. ताईंनी सोबत नेलेला मी त्यांच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात धूळ खात पडलो. विद्यार्थी हसत. एकदा ताईंनीच माझी धूळ पुसली आणि म्हणाल्या, "याला हसू नका रे. याने माझे पहिले काम केले."

मित्रांनो, जुने यंत्र भंगारात देण्याआधी एकदा उघडून बघा. आतला एखादा भाग अजून कुणाच्या तरी कामी येईल. आणि ते चालावे म्हणून जे राबले, त्यांची नावे कुठेतरी नक्की लिहा.