फायनलची फुगणारी माती

"फुगली! बावीस नंबरची फुगली!"

सतरंजीवरची पाचशे माणसं एकदम उठून उभी राहिली. गोरेगावातलं आडतीमागचं ते पत्र्याचं गोदाम. हंगामात इथं सोयाबीनची पोती असतात, त्या रविवारी माणसांची थप्पी लागली होती. सेनगावच्या जीपा टपावरचे लोक उतरवून दुसरी खेप आणायला परत फिरत होत्या. समोर टेबलावर लाकडी घोडी, घोडीत काचेच्या नळ्या, आणि प्रत्येक नळीत विश्वकरंडकाच्या फायनलच्या मैदानातली म्हणे, बोटभर लाल माती. सकाळी दहाला तिच्यात पाणी घातलं होतं. आता संध्याकाळचे पाच वाजले होते आणि माती काचेवरची रेघ ओलांडून वर चढली होती. कुणी हात लावला नव्हता, कुणी फुंकर मारली नव्हती.

टेबलामागे मैदानबाबा उभे होते. पांढरा ट्रॅकसूट, त्यावर भगवं उपरणं, गळ्यात रुद्राक्ष आणि रुद्राक्षात अडकवलेली पंचाची शिट्टी. बाबांनी शिट्टी फुंकली आणि दोन्ही हात वर केले. षटकार मारल्यावर पंच करतो तसे. हा बाबांचा आशीर्वाद होता. लोकांनी हात जोडले.

"बंधूंनो, ही माती फायनलच्या दिवशी चॅम्पियनच्या बुटाखाली होती. तिला ते सगळं आठवतं! भक्त खरा असला की आठवणीनं तिचा ऊर भरून येतो. जितकी फुगेल, तितका भाव! मला सांगा, आठवणीला कीड लागते का?"

"न्हाई!"

"आठवण पावसात सडते का?"

"न्हाई!"

"आठवणीला हमाली लागते का?"

या वेळचं "न्हाई" पत्रा हलेल इतकं मोठं होतं. माणसाला कुठं दुखतं ते बाबांना बरोबर ठाऊक होतं.

धंदा असा. दीडशे रुपयांत मातीची नळी घ्यायची आणि पुढल्या रविवारी ती इथं ठेवून कौल घ्यायचा. माती रेघेच्या वर गेली की बाबांकडून पाच हजार शंभरला एक अशा हव्या तितक्या स्मृतिचौकटी घ्यायच्या. चौकट म्हणजे तीच माती, काचेआड, चकचकीत शिक्का लावून. ती बाबांच्या साईटवर विकायला ठेवायची. मग परदेशातले शौकीन बोली लावतात. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर बोल्या दिसतच होत्या: दुबई, चाळीस हजार. लंडन, बावन्न हजार. मेलबर्न, साठ हजार.

"मंग पैसे हातात कवा येतेत, महाराज?" मधल्या ओळीतून एकानं विचारलं.

बाबांनी फक्त एक बोट वर केलं. पंच फलंदाजाला बाद देतो तसं. दोन स्वयंसेवकांनी त्या माणसाला दंडाला धरून बाहेर नेलं.

"भाव पिकू द्यावा लागतो, माउली," बाबा गोड आवाजात उरलेल्यांना म्हणाले. "कच्चा तोडू नये."

हे सगळं मागच्या खांबाला टेकून शकील मिस्त्री पाहत होता. शकील गवंडी. त्याला इथं ओढून आणलं होतं संतरामभाऊंनी. संतरामभाऊंचं दोन खोल्यांचं घर तो बांधत होता. भिंती झाल्या होत्या, स्लॅब तेवढा राहिला होता. स्लॅबसाठी दोन लाख चार हजार रुपये कपाटात होते. त्यात तुरीचे पैसे होते, सोयाबीनचे होते आणि विकलेल्या म्हशीचेही होते. शकीलनं मनातल्या मनात भागाकार केला. पाच हजार शंभरनं भागलं की बरोबर चाळीस चौकटी येत होत्या. संतरामभाऊंनीही तोच भागाकार केला असणार, कारण ते टीव्हीकडे बघून गालातल्या गालात हसत होते.

"मिस्त्री, मेलबर्न साठ हजारावर हाय," ते कुजबुजले. "चाळीस गुणिले साठ हजार करून बघा बरं."

"आदी घरावर स्लॅब टाका, मंग गुणाकार करा, भाऊ."

"अवो, मंग वरचा मजला बी तुमीच बांधा की!"

शकीलचं लक्ष मात्र भिंतीवर टांगलेल्या जुन्या चौकटींकडे गेलं होतं. त्यांतली माती वाळली होती. वाळून ती काचेपासून सुटली होती आणि तिच्यावर पंचकोनी, षटकोनी भेगा पडल्या होत्या. बाबा त्या भेगा दाखवून सांगत होते, "ही बघा, पाचव्या दिवसाची खेळपट्टी!"

"फायनल तर एका दिवसाचीच असते ना?" शकील पुटपुटला. पण त्याला भेगांचा आकार अस्वस्थ करून गेला. असल्या भेगा त्यानं आयुष्यभर बघितल्या होत्या. त्या भेगांमुळेच त्याचं पोट चालत होतं.

संतरामभाऊंनी नळी घेतली. चाळीस चौकटींचे पैसे पुढल्या रविवारी, कौल लागल्याबरोबर द्यायचे ठरवून ते घरी आले.

मंगळवारी भाऊ शेताकडे गेल्यावर त्यांच्या पत्नी आशाबाई चहाचा कप घेऊन बांधकामावर आल्या. दोन वर्षं त्या पत्र्याच्या खोपीत स्वयंपाक करत होत्या. पाऊस आला की चूल एका कोपऱ्यातून दुसऱ्यात न्यायची, वारा आला की पुन्हा पहिल्यात.

"मिस्त्री, ह्यांला कायतरी सांगा. माजं ऐकून न्हाई राहिले. म्हणतेत, तुला व्यवहार कळत न्हाई."

"वहिनी, ती नळी कुठं हाय?"

"देवाजवळ ठिवली."

"आणता का? दोन घमेली पाणी बी."

शकीलनं नळीतली माती घमेल्यात ओतली, पाण्यात कालवली आणि वरचं पाणी हलकेच ओतून दिलं. ते पाणी लालभडक होतं. दुसऱ्यांदा धुतली तेव्हा पाणी फिकट झालं. तिसऱ्यांदा धुतल्यावर तळाशी जी राहिली ती काळीकुळकुळीत, बोटाला चिकटणारी, साबणासारखी बुळबुळीत माती होती. तिच्यात नखाएवढा एक पिवळा तुकडा निघाला. आशाबाईंनी तो चिमटीत धरून उन्हात पाहिला.

"हे तं सोयाबीनचं कुटार हाय, मळणीतला भुसा!"

"मेलबर्नवाल्यानं पिचवर सोयाबीन पेरलं व्हतं वाटतं," शकील म्हणाला. "वहिनी, तुमच्या घराचा पाया मी साडेपाच फूट काहून खणला, आठवतं का? भाऊ म्हणत व्हते, तीन फुटात भागवा."

"काळी माती फुगते म्हणून. मुरूम लागल्याबगर पाया धरायचा न्हाई म्हणले तुमी. पावसात फुगून भिंत उचलती, उन्हाळ्यात आटून भेगा पडतेत."

"बराबर. हीच ती. गेरू लावून लाल केली." त्यानं पायातून उपसलेल्या ढिगाकडे बोट दाखवलं. "वाळवून, कुटून, चाळून नळीत भरा आन् पाणी टाका. आठवण येवो न येवो, ती फुगणारच."

आशाबाईंनी त्या ढिगातलं एक ढेकूळ उचललं. मग त्यांनी पदर खोचला आणि खलबत्ता आणायला आत गेल्या.

दुसऱ्या रविवारी गर्दी दीडपट होती. सत्तेचाळीस नंबरची नळी संतरामभाऊंनी स्वतःच्या हातानं घोडीत ठेवली. आत काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. बनियनच्या आतल्या खिशात नोटांची पुडकी होती आणि दर दहा मिनिटांनी त्यांचा हात तिकडं जात होता. शकीलची बायको शहनाज बायकांच्या बाजूला आशाबाईंजवळ बसली. त्या बाजूला टेबलाच्या आडोशाला बाबांचा भागीदार बालाजी "हिशेब" करत बसायचा, आणि दिवसभर शहनाजची नजर त्याच्या हिशेबावर होती.

पाच वाजता शिट्टी वाजली. बाबा नळ्या बघत पुढे सरकले आणि सत्तेचाळीसजवळ थबकले. आशाबाईंनी माती वस्त्रगाळ केली होती. बाबांच्या घाईत कुटलेल्या मातीपेक्षा ती कितीतरी जास्त फुगली होती. रेघ तर सोडाच, बुचाला टेकली होती.

"चमत्कार!" बाबांचा आवाज खरोखरच कापला. "ही साधी माती नाही. ही शेवटच्या षटकाची माती! संतराम पाटील, तुम्ही पुण्यवान!" दोन्ही हात वर गेले. टीव्हीवर आकडे नाचू लागले. लंडन, नव्वद हजार. दुबई, एक लाख. मेलबर्न, सव्वा लाख!

संतरामभाऊ उठले. हात आतल्या खिशात गेला.

"थांबा, भाऊ," शकील खांब सोडून पुढे आला. "महाराज, ही कोणच्या मैदानाची माती?"

"फायनलच्या! माझी चौदा वर्षांची साधना सांगते!"

"ही ह्या भाऊंच्या घराच्या पायातली हाय. माझ्या टिकावानं निघालेली. गेरू किराणा दुकानातला, वीस रुपयांचा."

बाबांनी एक बोट वर केलं. स्वयंसेवक निघाले, पण अर्ध्यात थांबले, कारण आशाबाई उभ्या राहिल्या होत्या.

"म्या भरली," त्या म्हणाल्या. "म्या कुटली, म्या चाळली. तुमची व्हती ती धुतली तं आतून ही अशीच काळी निघाली. त्यात सोयाबीनचं कुटार बी व्हतं."

बाबा सावरले. माणूस धंद्यात मुरलेला होता. "माउली, तुमची श्रद्धा कुणीतरी नासवली आहे," ते शकीलकडे न बघता म्हणाले. "बाहेरच्या माणसाचं ऐकून घरचं पुण्य घालवू नका."

"पाया खोदणारा बाहेरचा," आशाबाईंचा आवाज चढला, "आन् मेलबर्नवाला घरचा व्हय?"

पहिला हशा तिथं पिकला. तो ओसरायच्या आत शहनाजनं आशाबाईंचा हात धरून त्यांना टेबलाच्या आडोशाला नेलं. "आपा, इधर देखो." बालाजीसमोर चार मोबाईल ओळीनं मांडलेले होते. गोंधळ होऊ नये म्हणून हिशेबी माणसानं प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी डकवली होती: लंडन. दुबई. टोरांटो. मेलबर्न. बालाजी हात आडवा घालेपर्यंत आशाबाईंनी शेवटच्या मोबाईलवर जिथं बोटाचे डाग पडलेले होते तिथं अंगठा दाबला.

टीव्हीवर आकडा उडी मारून वर गेला. मेलबर्न, एक लाख तीस हजार.

त्यांनी पुन्हा दाबला. एक लाख पस्तीस.

"अरे, हे तं मेलबर्न गोरेगावातच हाय!" कुणीतरी ओरडलं, आणि मग गोदाम आवरेना. बाबा मागच्या दारानं निघाले, तर मागच्या दाराशी मागल्या रविवारी बाहेर काढलेला माणूस उभा होता. त्यानं एक बोट वर केलं.

पोलीस येईपर्यंत लोकांनी चौकटी फोडल्या. शकीलनं एकेक वस्तू टेबलावर मांडून भाव सांगितला: चौकट एकशे ऐंशी, काचेची नळी आठ, चकचकीत शिक्का दोन. माती रस्त्याकडेची, फुकट. एकशे नव्वदचा माल, नळीसकट पाच हजार अडीचशेला. दोनशे बारा चौकटी खपल्या होत्या. बालाजीच्या पिशवीत जे सापडलं त्यात निम्म्यांचेही पैसे सुटत नव्हते. उरलेल्यांना फिर्याद नोंदवून वाट बघायची होती, आणि ती वाट लांबची होती. बाबांचं नाव हरीश निघालं. चौदा वर्षांची साधना जुन्या मोबाईलच्या दुकानात झाली होती.

"ऐका," शकील टेबलाला टेकून म्हणाला. भाषणाची त्याला सवय नव्हती. "खेळाची आठवण इकत घेऊ नका असं मी म्हणत न्हाई. आवड असंल तर घ्या, भिंतीला लावा. पण कुणी म्हणलं की घे आन् दहापट भावानं इक, तर त्याला एवढंच इचारा, घेणारा कोण? त्याचं नाव सांग, गाव सांग, त्याचा एक रुपया माझ्या हातावर ठिव. आन् माती फुगली, दगड घामेजला, दिवा आपोआप पेटला, तर घरी जाऊन तेच आपल्या हातानं करून बघा. आपल्यानं झालं, तर तो चमत्कार न्हाई. तकलीफ फक्त एका दिवसाची हाय."

लोक पांगू लागले. संतरामभाऊ सतरंजीवर तसेच बसून होते. नोटांवरचा हात अजून निघाला नव्हता.

"चाळीस वर्षं ही माती नांगरून राहिलो, मिस्त्री," ते म्हणाले. "आन् मलाच वळखू आली न्हाई. काहून?"

शकील त्यांच्याजवळ उकिडवा बसला.

"वळखली असती, भाऊ. पण तुमी हात जोडून बसला व्हता. जोडल्या हातानं माती चिमटीत घेता येत न्हाई."