दोरीच्या बाहेर

आमच्या नव्या घराच्या पहिल्या मजल्यावरची रस्त्याकडची भिंत माझ्या आज्ञेवरून उघडी ठेवण्यात आली होती. माझ्या कैलासवासी यजमानांनी स्वतःच्या हातांनी घडवलेले भरीव लाकडाचे कपाट जिन्यातून वर जात नव्हते, आणि त्याच्याखेरीज मी त्या घरात राहायला जाणार नव्हते. संध्याकाळी गवंडी ती भिंत बांधून टाकणार होता. तोवर कपाट आत गेले नाही, तर सुतार त्याचे करवतीने दोन भाग करणार होता. थोरल्या मुलाने त्याला माझ्या नकळत बोलावून ठेवले होते.

"आई, कापलं तरी वर नेऊन जोडता येतं," थोरला म्हणाला.

"तुला मधोमध कापून जोडला, तर चालेल का?"

सुतार हसला, मी पाहताच करवतीची धार तपासू लागला.

फोर्कलिफ्ट चालवणारी मुलगी माझ्या धाकट्या सुनेच्या वयाची होती. यंत्राला हात लावण्यापूर्वी तिने जमीन तुडवून पाहिली, मऊ भरावावर लोखंडी पत्रे टाकून घेतले, कपाट पट्ट्यांनी आवळले आणि भोवती चांगली लांबवर दोरी बांधली.

"दोरीच्या आत कोणी यायचं नाही. कपाट समोर आलं की मला पलीकडचं काही दिसत नाही. इशारे फक्त मुकादम देतील," तिने बजावले.

आमच्या घराण्याचा एक गुण येथे सांगितला पाहिजे. जड वस्तू हलताना दिसली, की आमच्यातला एकही माणूस स्वस्थ उभा राहू शकत नाही. यंत्राचे काटे वीतभर उचलले जातात न जातात, तोच धाकटे भावजी दोरीखालून आत शिरले. मागोमाग दोघे पुतणे, त्यांच्यामागे जावई.

"तोल जातोय! उजवीकडून धरा!" भावजींनी दोन्ही तळहात कपाटाच्या बुडाला लावले.

मुकादमाने हात आडवा केला. काटे जमिनीला टेकले आणि इंजिन बंद झाले.

"काका, बाहेर या."

"अगं, मी नुसता आधार देतोय."

"ते पडलं, तर तुमच्या आधाराला विचारून पडणार नाही."

"जन्मभर कपाटं हलवली आहेत मी!"

"मग आज विश्रांती घ्या."

भावजी बाहेर आले, मागोमाग पुतणे आणि जावईही. कपाट पुन्हा उचलले, तर जावई पुन्हा आत, त्यांच्यामागे भावजी आणि दोघे पुतणे. तिने पुन्हा यंत्र बंद केले. वरून गवंडी ओरडला, "सिमेंटचा माल घट्ट व्हायला लागलाय! बांधू का भिंत?" सुतार उठून उभा राहिला.

मग मी काठी उचलली आणि तरातरा कपाटापाशी गेले.

"भावजी, दोरीच्या बाहेर. पोरांनो, तुम्ही दोघेही. जावईबापू, तुम्हाला वेगळं आमंत्रण हवं का?"

क्षणात मैदान मोकळे झाले. तरी इंजिन सुरू होईना.

"आता काय राहिलं?" मी विचारले.

"आजी, आता तुम्ही आत आहात."

मागे कोणीतरी हसू दाबले. सासूबाई गेल्यापासून मला बाजूला हो म्हणण्याची कोणाची प्राज्ञा झाली नव्हती. मी त्या मुलीकडे रोखून पाहिले. ती हात मांडीवर ठेवून शांत बसली होती. कपाट कापले गेले असते तरी ती तशीच बसली असती.

"दोरी वर धर," मी थोरल्याला म्हणाले, आणि ताठ मानेने बाहेर आले.

कपाट सरळ वर गेले. ते मजल्याच्या उंचीला पोहोचत होते, तोच त्याच्या माथ्यावरची नक्षीदार पट्टी सुटली आणि धाडकन खाली आदळली. मघाशी भावजी उभे होते, नेमकी तिथेच.

भावजींनी आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. "वहिनी, मी तिथेच होतो."

"होतात. आता इथे आहात, तर इथेच राहा."

जावई पट्टी उचलायला निघाले. भावजींनी त्यांची कॉलर धरली. "ओझं अजून वर आहे, बापू!"

वरच्या माणसांनी कपाट आत ओढून घेतले. रिकामे काटे जमिनीला टेकले, किल्ली निघाली, तेव्हा कुठे ती मुलगी खाली उतरली.

"आजी, ती पट्टी मी आधी हलवून पाहायला हवी होती. चूक माझी."

"कान पकडू नकोस. सुतार केव्हाचा रिकामा बसलाय. त्याला म्हणावं, करवत ठेव आणि हातोडी घे."

मी वर गेले. कपाट अखंड उभे होते. दार उघडले, तर तीच जुनी कुरकुर ऐकू आली, आणि यजमानांनी हाक मारावी तसे वाटले. सुताराने पट्टी बसवली. गवंड्याची थापी चालू होण्याआधी, कडेपासून हातभर मागे राहून मी खाली डोकावले. बाकीचे कुटुंब माना उंच करून अजून दोरीबाहेरच उभे!

"अहो, या ना वर!" माझ्यामागून वर आलेल्या थोरल्या सुनेने हाक मारली.

"आईने अजून सांगितलं नाही," खालून थोरल्याचे उत्तर आले.

"या," मी म्हणाले. "जिन्याला कठडा बसलेला नाही. भिंतीच्या बाजूने, एकेक करून."

सगळ्यांत पुढे भावजी होते. पायरी पायरी चढत ते मागच्यांना ओरडून सांगत होते, "सावकाश! आणि मला कोणीही मदत करायची नाही!"