समोरच्या बाईची वही

ओडेट फुर्तादोनं नऊ वर्षं सरकारला टोपी घातली होती, आणि आता त्याच सरकारच्या खर्चानं तिला नर्स व्हायचं होतं. फॉल रिव्हरमध्ये निम्म्या गल्लीचा हा उद्योग: राहायचं इथं मॅसॅच्युसेट्समध्ये आणि गाडी नोंदवायची न्यू हॅम्पशायरमधल्या कुणा नातेवाइकाच्या पत्त्यावर. विमा स्वस्त पडतो. यात पाप आहे असं चर्चमध्येसुद्धा कुणी म्हणत नाही, कारण चर्चबाहेर उभ्या गाड्या सगळ्यांना दिसतात.

पण कम्युनिटी कॉलेजची फी माफ झाली ती फक्त मॅसॅच्युसेट्सच्या रहिवाशांना. ओडेटचं लायसन्स न्यू हॅम्पशायरमधल्या भावाच्या पत्त्यावर, पगाराचे कागदही तिथलेच. खोटं बोलायचं तर नीटनेटकं, हा तिचा बाणा. घर मेलेल्या आईच्या नावावर, वीज पळालेल्या नवऱ्याच्या.

"वर्षभर इथं राहिल्याचा पुरावा आणा," कॉलेजच्या खिडकीतली बाई म्हणाली. "शुक्रवारपर्यंत. नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल."

एक्केचाळीस वर्षं एका गल्लीत काढलेली बाई परकी ठरली. वृद्धाश्रमात लाद्या पुसून तिची कंबर गेली होती. ही जागा हुकली तर मरेपर्यंत लाद्याच. ती मनापासून घाबरली.

पुरावा एकाच ठिकाणी होता. समोरची म्हातारी इदालिना रेझेंडेस, गल्लीची 'दोना' म्हणजे बाईसाहेब, ओडेटची गाडी रोज वहीत टिपायची. दोनदा तिनं परराज्यातल्या नंबरप्लेटची तक्रारही केली होती. नशिबानं सरकार तक्रारी वाचत नाही.

ओडेट गोड पाव घेऊन गेली. "दोना इदालिना, ती वही हवी होती."

"जाळायला?"

"कॉलेजात दाखवायला."

"पाव विकतचा दिसतोय." म्हातारीनं तो ठेवून घेतला. "वही देणार नाही. मीच येते."

कॉलेजच्या खिडकीतल्या बाईनं चष्मा लावून वाचलं. "'बारा जानेवारी. बर्फ. लबाड पहाटे गेली, दुपारी चारला आली. गाडीतच झोपली. वीस मिनिटं वाट पाहून काच वाजवली.'"

ओडेटला ती काच आठवली. पोरांचा चावटपणा समजून तिनं शिव्या घातल्या होत्या.

"चालेल," बाई म्हणाली. "दोघी सही करा. आणि गाडी इथं नोंदवा, कृपा करून."

बाहेर आल्यावर ओडेटनं विचारलं, "काच तुम्ही वाजवलीत?"

"मग काय. तू गोठून मेलीस तर माझी तक्रार कुणाविरुद्ध?" म्हातारीनं वही उघडली. "वर्ग किती वाजता सुटतो?"

ओडेटनं खरी वेळ सांगितली.