नाळेवरून दिलेली हाळी

मित्रांनो, शिरोड्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली एक होडी उलटी घातलेली आहे. तिच्या पाठीवर बसून तुम्ही भेळ खाता, चपला आपटून वाळू झाडता आणि मोबाइलवर ते गाजलेलं गाणं लावता. ती होडी मीच. त्या गाण्याच्या व्हिडिओत एका जागी तुम्ही सगळे हटकून हसता. का हसता, तेही मला ठाऊक आहे. म्हणून तर आज बोलायला बसले, एरवी म्हाताऱ्या होडीला कोण विचारतं?

मला आंब्याच्या फळ्यांपासून केलं. माझ्या अंगात खिळा म्हणून नाही. फळीला फळी काथ्याच्या दोरीने शिवली आणि वरून माशाचं तेल पाजलं. शिवलेली होडी लाटेबरोबर जराशी वाकते, उगाच ताठ्यात राहत नाही. स्वतःची तारीफ स्वतःच करते आहे, पण आता करणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

माझे मालक दाजी. ते रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके. रापण तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिली नसेल. तिचं भलंमोठं जाळं घेऊन मी समुद्रात एक वळसा मारायची आणि परत यायची. मग जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावरची दोन टोळकी ओढायची. दोन्ही टोळक्यांत एवढं अंतर, की इकडच्याला तिकडचा माणूस ओळखू येऊ नये. दोन्ही दोर सारखे यायला हवेत. एक बाजू पुढे गेली की जाळं तिरकं होतं आणि मासे पळतात. आणि आमचा एक नियम होता: दोराला ज्याचा हात लागला, त्याला माशांचा वाटा. विधवा असो, म्हातारा असो, वाटेने जाणारा परका असो. दाजींनी तो कधी मोडला नाही.

दोन्ही टोळक्यांना जोडून ठेवायची ती हाळी. दाजी माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या उंच टोकावर, उभे राहून ती द्यायचे. पण १९९८ साली त्यांचा घसा बसला तो बसलाच. तेव्हा त्यांची नात संजना माझ्यावर चढली. दुसरीत होती. परकर खोचून उभी राहिली आणि तिने सूर लावला: “येऽऽ गो येऽऽ!”

खरं सांगते, माझ्या फळ्या थरारल्या. आवाज तर मोठा होताच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती दोराकडे बघून गायची. डावीकडचे लोक मागे पडले की “येऽऽ” लांबवायची, लांबवत राहायची आणि ते बरोबरीला आले की मगच “गो” म्हणायची. तिचा तो लांब दम, ज्याचं पुढे वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, तो असा दोराची वाट बघून आला.

त्या दिवशी वाटे पडले, तेव्हा दोर ओढणाऱ्यांतला बाबली कुरकुरला, “इतक्याशा चेडवाक अख्खो वाटो? दोराक हात तरी लागलो काय तिचो?”

दाजी बसक्या आवाजात म्हणाले, “तिना दोर नाय, आमका सगळ्यांका ओढल्यान. दी अख्खो वाटो.”

संजनाची आई गोदूबाई मासे विकायची. बाप गोव्यात ट्रॉलरवर होता, सणावारी यायचा. मुलीच्या वाट्याचे बांगडे पाटीत घेताना गोदूबाईची मान ताठ झाली होती. मीही तेव्हा मनातून फुगले होते.

मग तिच्या गाण्याला पाय फुटले. शाळेतल्या गुरुजींनी तिला सावंतवाडीला एका गायिका बाईंकडे नेलं. दर शनिवारी एसटीने जायची आणि आल्यावर माझ्या पोटात सावलीला बसून घोकायची. किती आलाप मी ऐकले, सांगू? मला राग-बिग कळत नाही, पण आज पोरीला जमलंय की नाही, ते कळायचं. कुणकेश्वरच्या जत्रेत ती गायली आणि बोलबाला झाला. पुढे गोव्याच्या एका वाद्यवृंदाने तिला बोलावलं. तिथे पियानो नि व्हायोलिनच्या ताफ्यासमोर आमची पोर ख्यालातले आलाप घ्यायची. शास्त्रीयवाल्यांना ते थोडं खटकलं, पण तरुण मंडळी वेडी झाली. कॉलेज अर्धवट टाकून ती मुंबईला गेली.

जायच्या सकाळी माझ्या नाळेला हात लावून दाजींना म्हणाली, “दाजी, रापणीक येतलंय हां मी. माझो वाटो मोडू नको.”

दाजींना आयुष्यात दुसरं काही नको होतं. ती मोठी होवो, पण रापणीतली राहो, एवढंच. प्रत्येक ओढीनंतर ते गोदूबाईला सांगायचे, “येतली ती. तिचो वाटो काढून ठेव.” गोदूबाई तो वाटा सुकवायची आणि मुंबईला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी धाडायची. एकदा संजनाचा फोन आला की सुकी मासळी पाठवू नका, इमारतीतले लोक वासाची तक्रार करतात. गोदूबाईने ही गोष्ट सासऱ्याला सांगितली नाही. वाटा ती डब्यात भरून ठेवू लागली. हे मला कसं कळलं? माझ्या आडोशाला बसून तिने ते शेजारणीला सांगितलं आणि डोळ्यांना पदर लावला.

तिकडे संजनाचं नाव मोठं होत गेलं. अल्बम आला, परदेशात कार्यक्रम झाले. आणि इकडे समुद्र रिता होत गेला. मोठे ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन तळ खरवडून नेऊ लागले. आमच्या जाळ्यात कालवणापुरतेही मासे येईनात. दोरावरची माणसं एकेक करून कमी झाली. कुणी गोव्याच्या हॉटेलात लागला, कुणी पर्यटकांना डॉल्फिन दाखवू लागला. शेवटी रापण थांबली आणि जाळं गुंडाळून माडाच्या झापांखाली गेलं. तरी दाजी दरवर्षी मला तेल पाजायचे. लोक हसत. मला मात्र त्या हाताची फार माया वाटायची. ते मला तिच्यासाठी तयार ठेवत होते.

२०१९ च्या मार्चात निरोप आला: संजना येते आहे. नवीन गाणं रापणीच्या हाळीवरच आहे आणि त्याचं चित्रीकरण आपल्या किनाऱ्यावर व्हायचं आहे. दाजींनी यातलं एवढंच ऐकलं की संजना रापणीला येते आहे. म्हातारा उठला. जाळं बाहेर काढलं, गोदूबाईला घेऊन भोकं सांधली, गोव्यापर्यंत निरोप धाडून जुनी माणसं गोळा केली. बाबलीसुद्धा आला. बायकांनी वाट्यांसाठी पाट्या मांडल्या. इतकी लगबग मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

संजना आली, दाजींच्या पाया पडली. किती वाळली होती पोर. मग दिग्दर्शक म्हणाले, “जाळं नको, आजोबा. त्यात सबंध दिवस जाईल. लोकांनी नुसते दोर ओढायचे.”

दाजींनी नातीकडे पाहिलं. ती खाली बघत म्हणाली, “दाजी, आजचो दिवस. मगे आपण खरी रापण घालूया.”

दाजी वळले. जाऊन दोराला उभे राहिले.

ढिले दोर ओढताना कुणाच्या अंगात जोर दिसेना. तेव्हा मला वाळूने भरून गुडघाभर पाण्यात नेलं आणि दोन्ही दोर पाण्याखालून माझ्या दोन कुशींना बांधले. संजना पांढरा झगा घालून माझ्या नाळेवर उभी राहिली. कर्ण्यांमधून तिचं आधीच रेकॉर्ड केलेलं गाणं सुरू झालं आणि ती त्यावर नुसते ओठ हलवू लागली. खाली व्हायोलिन, वर तिची हाळी, सगळं फार सुंदर होतं. पण मित्रांनो, ती हाळी कुणासाठी थांबत नव्हती. डावीकडची माणसं मागे पडली, उजवीकडची पुढे गेली, तरी गाणं आपल्या ठेक्यात चाललेलं. एक टोळकं हिसका द्यायचं, दुसरं सैल सोडायचं. माझी शिवण ताणली गेली आणि काथ्या करकरू लागला.

संजनाला ते पायाखाली कळलं. तिने मान वळवून दोन्ही दोर पाहिले, अगदी लहानपणी पाहायची तसे. आणि ओठ हलवायचं सोडून तिने खरी हाळी दिली. “येऽऽ” लांबवली, उजवीकडच्यांना थांबवायला. माझ्या फळ्यांना ती कळली. पण कर्ण्यांतला तिचाच आवाज तिच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. किनाऱ्यावर कुणालाच ऐकू गेलं नाही. पुढच्या हिसक्याला माझी उजवी कूस वरपासून खालपर्यंत उसवली आणि पाणी आत आलं.

“वा, ताण काय दिसला!” दिग्दर्शक खूश झाले.

दोर खाली पडले. जुन्या सवयीने दाजी म्हणून गेले, “वाटे घाला रे.” बायका पाट्या घेऊन उठल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. संजना पाण्यातून पळत आली.

“दाजी, मी हाळी दिलंय. खरी दिलंय. आयकलास तू?”

दाजी खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. “नाय गो बाय,” ते म्हणाले. “माका काय आयकाक ईला नाय.”

ती भर किनाऱ्यावर रडली. गोदूबाईने घरून सुक्या मासळीचा तो डबा आणून तिच्या हातात दिला. तो घेऊन ती संध्याकाळी गाडीत बसली. खरी रापण पुन्हा झाली नाही. यंदा मला कुणी तेल पाजलं नाही. दाजी आता किनाऱ्याकडे येत नाहीत.

मित्रांनो, जुन्या होडीला तेल लागतं आणि दोराला हात लागतात, दोन्ही वेळेवर. कुठे रापण चाललेली दिसली, तर लांबून फोटो काढत उभे राहू नका. हात लावा. वाटा मिळेल.

आणि त्या व्हिडिओत जिथे संजनाचे ओठ गाण्याशी जुळत नाहीत, जिथे तोंड नुसतंच उघडं राहिलेलं दिसतं आणि तुम्ही हसता, तिथे एवढं ध्यानात ठेवा, की त्या क्षणी ती मला वाचवायला गात होती.