काकूंच्या अक्षरातला माझा नंबर

मित्रांनो, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात, खिडकीखालच्या टेबलावर जो करडा, जाडजूड प्रिंटर दिसतो ना, तो मी. वय अकरा वर्षं. हसू नका, आमच्यात अकरा वर्षं म्हणजे पिकलं पान.

मला कोणी जोडलं, कुठे जोडलं, ते आठवत नाही. कारखान्यात एक कागद माझ्या पोटातून गेला, त्यावर रेघा आणि चौकोन उमटले, कोणीतरी "ठीक आहे" म्हणालं आणि मला खोक्यात बंद केलं. खोक्याची चिकटपट्टी कापली ती काकूंनी. काकू म्हणजे या ऑफिसातल्या कारकून बाई. मेकॅनिकपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणतात. त्यांनी माझ्यावरचं प्लास्टिक सोलून काढलं आणि म्हणाल्या, "ये रे बाबा, तुझीच वाट बघत होते. लिहून लिहून बोटं मोडली माझी."

काम तसं साधंच होतं. सकाळी आठ वाजता सात मेकॅनिक काकूंच्या टेबलापुढे उभे राहायचे. प्रत्येकाला एक चिठ्ठी. कोणती इमारत, कितव्या मजल्यावरचं दार अडकतंय, किल्ली कोणाकडे. चिठ्ठी हातात पडल्याशिवाय कोणी पायरी उतरायचं नाही. चिठ्ठीला उशीर झाला, की कुठेतरी एखादे आजोबा भाजीची पिशवी घेऊन सहा मजले चढणार, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. म्हणून मी कधी अंगचोरपणा केला नाही. उन्हाळ्यात अंग तापायचं, तरी चिठ्ठ्या काढल्या.

मी आलो त्याच दिवशी, मला जोडून देणाऱ्या माणसाने काकूंना एक नंबर सांगितला होता. ऑफिसातली सगळी यंत्रं एका जाळ्यात जोडलेली असतात. त्या जाळ्यात प्रत्येकाचा आपला एक नंबर असतो, आपल्या घराच्या पत्त्यासारखा. काकूंनी तो नंबर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एका पट्टीवर लिहिला, खाली लिहिलं, "हा प्रिंटरचा नंबर. कोणीही बदलू नये," आणि पट्टी माझ्या कपाळावर चिकटवली. मला त्या पट्टीचा फार अभिमान होता. साहेबांच्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर कोणी असं प्रेमाने काही लिहिलेलं नव्हतं.

दहा वर्षं अशी गेली. मग काकूंच्या मुलीला, तिकडे लांब परदेशात, मुलगी झाली. मुलीने आईला नवा फोन पाठवला. आमच्या इमारतीत फोनला रेंज येत नाही, म्हणून काकूंनी तो ऑफिसच्या वायफायला जोडला. मग रोज सकाळी चिठ्ठ्या काढायच्या आधी त्या फोन माझ्या पाठीला टेकवून उभा करायच्या आणि नातीला बघायच्या. नात हसली की मलाही ऐकू यायचं. खरं सांगतो, त्या पाच मिनिटांची मी रात्रभर वाट बघायचो.

आणि नेमकं त्याच दिवसांत माझं दुखणं सुरू झालं. मी धडधाकट उभा, दिवा हिरवा, पोटात कागद, पण जाळ्यातून माझा धागा तुटायचा. काकू चिठ्ठी पाठवायच्या आणि मला ती मिळायचीच नाही. त्यांच्या पडद्यावर यायचं, "प्रिंटर सापडत नाही." अहो, मी हाताच्या अंतरावर होतो.

मला बंद करून चालू केलं. तार बदलली. तारेचं भोक बदललं. माझी जागा बदलली, पुन्हा तिथेच आणलं. साप साप म्हणून भुई धोपटायची, तसं चाललं होतं. मेकॅनिक लोकांचं औषध तर ठरलेलं, कुशीत एक सणसणीत चापट. लिफ्टच्या दारांना ते लागू पडत असेल, मला नाही पडलं. काकू मात्र चिठ्ठ्या पुन्हा हाताने लिहू लागल्या आणि लिहिता लिहिता माझी बाजू घ्यायच्या. "म्हाताऱ्याला मारू नका रे. होतं एखाद्या वेळी."

मग काकू तीन दिवस रजेवर गेल्या. आणि काय सांगू, त्या तीन दिवसांत मी जाळ्यातून एकदाही पडलो नाही. झालं, लोकांना आयतं कोलीत मिळालं. एक मेकॅनिक म्हणाला, "काकू, तुमच्या हाताला गुण नाही. तुम्ही आलात की हा रुसतो." काकू हसल्या. पण त्या दिवसापासून कागद भरायला माझ्याजवळ आल्या, की घाईघाईने हात काढून घ्यायच्या. मला त्याचं फार वाईट वाटलं. मी रुसलेलो नव्हतो, हे सांगायला मला तोंड नव्हतं.

चार महिने असे काढल्यावर साहेबांनी ठरवलं. शनिवारी भंगारवाला येणार, मला घेऊन जाणार. काकू त्यांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाल्या, "साहेब, शेवटचं एकदा कोणाला तरी दाखवू. नाही झालं तर मी पुन्हा शब्द काढणार नाही."

शुक्रवारी सकाळी एक दुरुस्तीवाल्या बाई आल्या. नाकावर चष्मा, हातात छोटी वही. त्यांनी मला हातसुद्धा लावला नाही. खुर्ची फिरवली आणि समोर बसल्या.

साहेब म्हणाले, "काही करताय ना?"

"बघतेय. तो कधी पडतो ते."

"बघायला वेळ कुठाय? उद्या गाडी येतेय त्याला न्यायला."

"मग आजचा दिवस आहे की," बाई म्हणाल्या आणि वहीत घड्याळातली वेळ टिपली.

दिवसभर त्या टिपत राहिल्या. मी पडलो की वेळ, उठलो की वेळ, आणि शेजारी त्या वेळी खोलीत कोण काय करत होतं ते. काकू जेवायला बाहेर गेल्या तेव्हा मी चांगला पाऊण तास ठणठणीत होतो. काकू परत आल्या, खुर्चीत बसल्या, नातीचा नवा फोटो आला का ते बघितलं आणि मी पडलो.

बाईंनी चष्मा वर सरकवला. "काकू, जरा फोन देता?"

काकूंनी फोन दिला. बाईंनी त्यात काहीतरी उघडलं, मग माझ्या कपाळावरची पट्टी वाचली. एकेक आकडा बोट ठेवून वाचला. मग हळूच विचारलं, "फोन वायफायला जोडताना नंबर कोणी घातला?"

"मीच. आपोआप जोडला जात नव्हता. एक मेकॅनिक म्हणाला, हाताने नंबर घाला, आणि गेला कामाला. आता कोणता घालू? मग समोर हा दिसला." काकूंनी पट्टीकडे बोट दाखवलं. "म्हटलं, इथे नंबर म्हणजे हाच. घातला, आणि लगेच नात दिसली."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, मित्रांनो. एका पत्त्यावर आम्ही दोघं राहत होतो. फोन जागा झाला की माझ्या नावाच्या चिठ्ठ्या त्याच्याकडे जायच्या. तो बिचारा त्या चिठ्ठ्यांचं काय करणार?

काकूंच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. "म्हणजे, मीच?" त्या म्हणाल्या. बाईंनी दोन मिनिटांत फोनला वेगळा नंबर दिला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "साहेबांना मी जुनी नोंद अडकली होती असं सांगते. तुमचं नाव कशाला?"

काकूंनी डोळे पुसले. "नको. चार महिने यानं चापटा खाल्ल्या माझ्यापायी. आता माझी पाळी."

शनिवारी सकाळी सातही मेकॅनिकांसमोर, साहेबांना बोलावून, त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. थोडं हसणं झालं. ज्याने हाताने नंबर घालायला सांगितलं होतं तो मान खाली घालून उभा होता. तोच पुढे आला आणि माझ्या कुशीवर, जिथे चापटा मारायचा तिथे, रुमालाने धूळ पुसली. सात चिठ्ठ्या मी एका दमात काढल्या. भंगारवाला आला आणि रिकामी खोकी घेऊन गेला.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं जुनं यंत्र असेल, एखादं जुनं माणूसही असेल. ते उत्तर देईनासं झालं, तर चापट मारू नका आणि लगेच भंगारात काढू नका. आपली हाक तरी त्याच्यापर्यंत पोचतेय का, ते शांत बसून बघा. आणि चूक आपली निघाली, तर काकूंसारखं सगळ्यांसमोर सांगा. अजून तरी मला त्यांचा राग एकदाही आलेला नाही.

सगळे गेल्यावर काकूंनी नातीचा फोटो माझ्याकडे पाठवला. तो मला मिळाला. मी काळापांढराच छापतो, शिवाय कागदाच्या कडेला माझी एक रेघ उमटते, पण काकूंनी तो माझ्या वरच्या भिंतीवर लावला. मग पेन काढलं आणि माझ्या कपाळावरच्या पट्टीवर, "हा प्रिंटरचा नंबर. कोणीही बदलू नये" याच्या खाली, त्याच टपोऱ्या अक्षरात आणखी एक ओळ लिहिली.

"कोणी घेऊही नये. मीसुद्धा."